नासपातीची झोंप आणि मोसंबीचा ताण



परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. खिडकींतून पाहणारास तेथें दोहों बाजूंस काळी जमीन तेवढी दिसते. त्या परिसरांतील एका बागाइतदारानें पत्रानें एक प्रश्न विचारला आहे, आणि त्याचें उत्तर हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. ते लिहितात कीं, विहिरीच्या पाण्याखालीं त्यांची अडीच एकर जमीन आहे. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाला ते विटले आहेत. आणि रोपें पुरविणारा एक गृहस्थ घरीं येऊन नासपातीची बाग लावण्याची गळ घालून गेला आहे. वाण कमी थंडीचा आहे, मराठवाड्यांत हमखास फळतो, असें त्यानें सांगितलें आहे. तेव्हां लावावी कीं न लावावी?

या प्रश्नाला हंसून उत्तर देणें सोपें आहे. पण तें योग्य होणार नाहीं. कापसाचें गणित चुकलें तर एक वर्ष बुडतें, आणि पुढच्या मृगाला मनुष्य पुन्हां पेरणीस लागतो. फळझाडाचें गणित चुकलें आहे हें कळायलाच पांच-सहा वर्षें लागतात. तोंवर खड्ड्यांचा, कुंपणाचा, ठिबकच्या नळ्यांचा आणि मजुरीचा खर्च होऊन गेलेला असतो, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात, आणि रोपें विकणारा मनुष्य दुसऱ्या जिल्ह्यांत नवीं गिऱ्हाइकें शोधीत असतो. म्हणून ‘नाहीं’ म्हणावयाचें असल्यास तें कां, हें नीट सांगितलें पाहिजे. आणि ‘नाहीं’ म्हटल्यावर मग दुसरें काय, हेंहि सांगितलें पाहिजे.

शिवाय हा प्रश्न पडावा अशीं कारणेंहि आहेत. हिंवाळ्यांत एखाद्या पहांटे परभणीचा पारा चार-पांच अंशांपर्यंत उतरतो, आणि त्या दिवशीं राज्यांतील अत्यंत थंड ठिकाणांत परभणीचें नांव वर्तमानपत्रांत झळकतें. तें वाचून थंड देशाचें फळ येथें कां होऊं नये, असें वाटणें स्वाभाविक आहे. दुसरें असें कीं, हिमाचल प्रदेशांतील बिलासपूर जिल्ह्याचे हरिमन शर्मा यांनीं सफरचंदाचा कमी थंडींत फळणारा एक वाण निवडून काढला. तो एचआरएमएन-९९ या नांवानें सपाट प्रदेशांत गेला, महाराष्ट्रांतील हौशी शेतकऱ्यांनींहि तो लावून पाहिला, आणि या कामाबद्दल शर्मा यांना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. सफरचंद झालें, तर त्याची चुलतबहीण नासपाती कां नाहीं?

नासपातीचीं दोन मोठीं घराणीं आहेत. एक युरोपी, तिचें फळ बुडाशीं रुंद आणि देंठाकडे निमुळतें, पिकल्यावर लोण्यासारखें मऊ. हिच्यांतला सर्वांत प्रसिद्ध वाण अमेरिकेंत बार्टलेट आणि इंग्लंडांत विल्यम्स या नांवानें ओळखला जातो. झाड एकच, नांवें दोन. दुसरी पूर्वेकडील, चीन-जपानची. तिचें फळ पुष्कळदां वाटोळें, कुरकुरीत, आणि दांताखालीं रवा लागावा तसें खरखरीत. हा रवा म्हणजे गरांतील कठीण कवचाच्या पेशी होत. पंजाबांत जिची लागवड मोठी, त्या वाणाला ‘पथरनाख’ म्हणतात. नाख म्हणजे नासपाती, आणि पत्थर कां, तें खाणारास वेगळें सांगावयास नको. जगांतील नासपातीपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक एकट्या चीनमध्यें पिकते. आपल्या देशांत ती काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि पंजाब येथें, आणि दक्षिणेस निलगिरी व कोडाईकनालच्या डोंगरांवर होते. कुलूच्या खोऱ्यांत बंदरोल येथें कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्यानें १८७० सालीं विलायती फळझाडांची बाग लावली, आणि त्या खोऱ्याच्या फळव्यापाराचा आरंभ तेथून सांगतात. यांतलें एकहि ठिकाण गोदावरीच्या कांठचें नाहीं, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. नासपाती हें पानझडीचें झाड आहे. शरदाच्या अखेरीस त्याचीं पानें गळतात आणि तें झोंपीं जातें. ही झोंप म्हणजे नुसती थंडीपासून केलेली लपणूक नव्हे. पुढील वसंतांत उमलावयाचीं फुलें आदल्या उन्हाळ्यांतच डोळ्यांच्या आंत तयार होऊं लागलेलीं असतात, पण त्यांवर जणूं कुलूप पडलेलें असतें. तें कुलूप उघडण्यास ठराविक तासांची थंडी लागते. सात अंश सेल्सियसच्या खालीं गेलेले तास मोजावयाचे, अशी याची जुनी रीत आहे. उत्तम युरोपी नासपातीला असे सुमारे १,२०० तास लागतात. म्हणजे अहोरात्र थंडी धरली तरी पन्नास दिवस. पथरनाखसारख्या कमी थंडीच्या वाणाला सुमारे १५० तास पुरतात, आणि म्हणूनच ती पंजाबच्या सपाटीवर होते.

हा हिशेब पेडगांवला लावून पाहूं. समजा, एका कडाक्याच्या रात्रीं पहांटेच्या सुमारास पारा सातांच्या खालीं पांच तास राहिला. बार्टलेटच्या १,२०० तासांसाठीं अशा २४० रात्री लागतील. म्हणजे आठ महिन्यांचा हिंवाळा. पथरनाखच्या १५० तासांसाठींहि तीस रात्री पाहिजेत. ज्या रात्रींमुळें परभणीचें नांव वर्तमानपत्रांत येतें, त्या एका हिंवाळ्यांत किती असतात, हें त्या भागांत राहणारांस मीं सांगण्याची गरज नाहीं. त्यांतहि आणखी एक मेख आहे. त्याच दिवशीं दुपारीं पारा अठ्ठावीस-तीस अंशांवर चढतो. पीचच्या झाडांवर इस्रायलांत झालेल्या प्रयोगांतून असें दिसून आलें कीं, रात्रीं जमा झालेल्या थंडीचा कांहीं भाग दुपारची अशी ऊब पुसून टाकते. झोंपलेल्या मुलाला तासातासाला कोणी हालवून उठवावें, तशी ही स्थिति होय. परभणीची थंडी खोटी नव्हे. ती तुटक आहे. आणि वर्तमानपत्र नीचांक छापतें, तास छापीत नाहीं.

झोंप पुरी न झाल्यास झाड मरतें काय? मरत नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच. झाड जगतें, पहिलीं दोन-तीन वर्षें डोळ्यांत भरेल असें वाढतें, आणि रोपें विकणारा त्याचीं छायाचित्रें काढून दुसऱ्या गांवीं दाखवितो. पण फळण्याची वेळ आली कीं बिघाड दिसूं लागतो. पुष्कळसे डोळे उमलतच नाहींत. फांद्या लांबच लांब, उघड्या, आणि टोंकाला तेवढा पानांचा झुबका अशा राहतात. फुलें येतात तीं एकदम येत नाहींत. चार आज, सहा महिन्याभरानें. घरापुढें हौसेनें लावलेल्या झाडाला अशीं दहा-वीस फळें लागलीं तर शेजारीपाजारी कौतुकानें पाहावयास येतील, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु व्यापारी बाग म्हणजे एका आठवड्यांत एका आकाराचीं, गाडी भरेल इतकीं फळें; आणि तीं वर्षानुवर्षें. सफरचंदाच्या कमी थंडीच्या वाणांविषयीं ऐकतांनाहि हाच भेद मनांत धरावा. झाडाला फळ लागलें, हें एक विधान. बागेनें कर्ज फेडलें, हें दुसरें.

झोंपेला औषध नाहीं काय, असा प्रश्न एखादा नाशिकचा द्राक्ष-बागाइतदार विचारील, आणि तो रास्त आहे. द्राक्षाची छाटणी केल्यावर डोळे एकसारखे फुटावे म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईड लावण्याचा प्रघात आपल्या राज्यांत रूढ आहे. पण हें औषध अपुऱ्या झोंपेची थोडी उणीव भरून काढतें. मुळींच न झालेल्या झोंपेची भरपाई त्यानें होत नाहीं. शिवाय तें त्वचेला व पोटाला घातक आहे, तें हाताळतांना फार जपावें लागतें. पूर्व जावांत मलंगजवळच्या बाटू येथील डोंगरांवर याहून निराळी युक्ति चालते. तेथें हिंवाळाच नाहीं. म्हणून सफरचंदाचें फळ उतरल्यावर झाडाचीं सगळीं पानें हातांनीं ओरबाडून काढतात, आणि झाड गाढ झोंपीं जाण्यापूर्वींच त्याला पुन्हां फुलवितात. वर्षाला दोन बहार मिळतात. मोठी मौजेची गोष्ट आहे. पण बाटूचे डोंगर वर्षभर शीतल असतात, आणि पेडगांवला मेमध्यें पारा बेचाळिसांच्या वर जातो. त्या उन्हांत कोवळ्या पालवीचें आणि उघड्या खोडाच्या सालीचें काय होतें, हें सांगावयास नको.

एवढ्यानेंहि कोणाचें समाधान झालें नसल्यास नासपातीच्या आणखी अडचणी थोडक्यांत सांगतों. युरोपी वाणांपैकीं बहुतेकांचें फूल स्वतःच्याच परागानें फळत नाहीं. जवळ दुसऱ्या वाणाचें झाड लागतें, आणि तेंहि त्याच दिवसांत फुलणारें. त्यांतून नासपातीच्या मधुरसांत साखर थोडी. मधमाशी शेजारची मोहरी फुललेली दिसली कीं नासपातीला सोडून तिकडे जाते. पाश्चात्य देशांत झाड ठेंगणें राहावें म्हणून नासपातीचा डोळा क्विन्स नांवाच्या वेगळ्याच झाडाच्या खुंटावर भरतात; पण चुनखडीच्या जमिनींत त्या खुंटावरील झाडाचीं पानें पिवळीं पडतात, आणि बार्टलेटचें तर त्याच्याशीं जमतच नाहीं, म्हणून मध्यें तिसऱ्याच वाणाचा तुकडा घालून दुहेरी कलम करावें लागतें. अमेरिकेंत पूर्वेकडील नासपातीच्या बागा एका करपारोगानें उजाड केल्या. तो जिवाणूंपासून होतो, हें इलिनॉयचे प्राध्यापक बरिल यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविलें, आणि वनस्पतींच्या रोगास जिवाणु कारण असतात, हें त्यामुळें प्रथम उघड झालें.

फळ उतरविण्याचा प्रकार तर याहून निराळा. युरोपी नासपाती झाडावर पिकूं दिली तर ती आंतून पिकते; वरून चांगली दिसते तोंच गाभा तपकिरी होऊन बसतो. म्हणून ती कठीण असतांनाच उतरवावी लागते. किती कठीण, हें बोटानें समजत नाहीं. त्यासाठीं फळांत दट्ट्या खुपसून दाब मोजण्याचें यंत्र मॅग्नेस आणि टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२५ सालीं पुढें आणलें. उतरविलेलें फळ शून्य अंशाच्या आसपास कांहीं आठवडे ठेवावें, आणि मग वीस अंशांच्या उबेंत पिकवावें. थंडी झाडाला हवी, आणि पुन्हां फळालाहि हवी! ज्या गांवीं शीतगृह नाहीं, तेथें हें फळ म्हणजे दुसऱ्याच्या कुलुपांत ठेवलेलें धन होय.

तेव्हां नासपातीविषयीं माझें उत्तर ‘लावूं नये’ असें आहे. पण पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना खरोखर हवी आहे ती नासपाती नव्हे. त्यांना कापसाहून निराळें उत्पन्न हवें आहे. मराठवाड्यानें या प्रश्नाला जुनेंच एक उत्तर दिलेलें आहे, आणि तें म्हणजे मोसंबी. जालना, औरंगाबाद म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, बीड आणि परभणी या जिल्ह्यांत ती रुळली आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें, त्याचें मोसंबी संशोधन केंद्र जालना जिल्ह्यांत बदनापूरला आहे. पण मोसंबीची शिफारस करून मी मोकळा झालों, तर त्या रोपें विकणाऱ्या गृहस्थाहून मी फारसा निराळा ठरणार नाहीं. कारण विश्रांतीचा जो प्रश्न नासपातीला थंडीनें सोडवावा लागतो, तोच प्रश्न मोसंबीलाहि आहे. फक्त त्याचें रूप निराळें आहे.

मोसंबी सदाहरित आहे. ती पानें टाकून झोंपत नाहीं. पाणी आणि खत मिळत राहिलें तर ती पालवी फोडीत राहते, आणि अधूनमधून चार फुलें दाखविते. तिला एकदम फुलवावयाचें तर तिची वाढ थांबविली पाहिजे, आणि आपल्या हवेंत ती थांबविण्याचें साधन थंडी नसून तहान आहे. यालाच आपले बागाइतदार ‘ताण देणें’ म्हणतात. पाणी तोडावयाचें, पानें मलूल होऊन पिवळीं पडूं लागलीं, त्यांतलीं कांहीं गळलीं, म्हणजे ताण बसला असें समजावयाचें, मग खत देऊन पहिलें हलकें पाणी द्यावयाचें, तें आंबवणीचें, आणि त्यामागून दुसरें, तें चिंबवणीचें. तहानेनें साठून राहिलेलें अन्न मग फुलांच्या रूपानें बाहेर पडतें. आंब्याच्या मोहराबरोबर फुलतो तो आंबे बहार, मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, आणि पावसाच्या अखेरीस येतो तो हस्त बहार. हीं नांवें पंचांगांतलीं असलीं, तरी त्यांमागील शास्त्र पक्कें आहे.

आतां पेडगांवची जमीन पाहा. परभणी जिल्ह्यांत वर्षाला सरासरी नऊशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि खोल काळी माती तो पिऊन घेते. या मातींतील चिकणमातीचे कण पाण्यानें फुगतात आणि वाळले कीं आक्रसतात. फुगलेली असतांना ती पाणी खालीं जाऊं देत नाहीं. वाळूं लागली कीं हात जाईल अशा भेगा पाडते. या मातीचा गुण कोणता, तें रब्बीची ज्वारी सांगते. परभणी मोती यांसारखे वाण पावसाळ्याच्या अखेरीस पेरावे. पुढें एक थेंब पाऊस न पडतांहि सांठलेल्या ओलीवर कणीस भरतें. ज्वारीला जो गुण, तोच मोसंबीला अवगुण होतो. हलक्या, मुरमाड जमिनींत तीस-पस्तीस दिवस पाणी तोडलें कीं ताण बसतो. मध्यम जमिनींत दीड महिना. खोल काळ्या जमिनींत दोन-दोन महिने पाणी तोडलें तरी झाड हिरवेंगार! वरची माती दगडासारखी वाळलेली, आणि खालीं दोन हातांवर मुळें निवांत पाणी पीत असतात. बागाइतदार म्हणतो, मीं पाणी तोडलें. झाड म्हणतें, मला कोणी सांगितलें नाहीं.

आंबे बहारासाठीं डिसेंबराच्या आरंभीं पाणी तोडलें, तर अशा जमिनींत ताण बसेपर्यंत जानेवारी सरत येतो. फुलें मागें पडतात, आणि गोटीएवढीं फळें झाडावर असतांनाच मार्च-एप्रिलचें ऊन येतें. मग तीं गळतात, आणि दोष खताला किंवा औषधाला दिला जातो. मध्यंतरीं अवेळी पावसाची एक सर आली तर महिन्याची तपश्चर्या एका रात्रींत बुडते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यानें गारपीट पाहिली, तेव्हां तर धरलेला बहारच झोडपून निघाला. ताण लवकर बसावा म्हणून वाढ रोखणारें क्लोरमेक्वाट क्लोराईड हें द्रव्य फवारण्याची शिफारस आहे. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेनें भारी जमिनींसाठीं या विषयावर काम केलेलें आहे. त्याचा उपयोग होतो. पण तें ताणाला मदतनीस आहे. ताणाऐवजीं तें चालत नाहीं.

मृग बहाराची गोष्ट याच्या उलट. एप्रिल-मेच्या उन्हांत काळी जमीनहि वाळते, विहिरीला पाणी नसतेंच, तेव्हां ताण अनायासें बसतो. म्हणून भारी जमिनीच्या पुष्कळ बागाइतदारांचा ओढा मृगाकडे असतो, आणि पेडगांवच्या जमिनींत मलाहि तोच मार्ग बरा वाटतो. परंतु त्यांत झाडाचा लगाम आपल्या हातांतून सुटून पावसाच्या हातीं जातो. भेगा रुंदावतात, त्यांत बारीक मुळ्या तटातट तुटतात. आणि मृग कोरडा गेला, आर्द्राहि कोरड्या गेल्या, कीं जो ताण होता त्याची उपासमार होते. हाताशीं दोन पाण्यांपुरता तरी सांठा ठेवल्यावांचून हा बहार धरणें म्हणजे झाड पणाला लावणें आहे.

पावसाळ्यांत याच जमिनीचें दुसरें रूप दिसतें. पाणी मुरत नाहीं, खोडापाशीं सांचतें, आणि मातींत राहणारी फायटोप्थोरा नांवाची बुरशी सालींत शिरते. कलमाच्या जोडापाशीं साल फुटून डिंक वाहूं लागतो. शेतकरी यास डिंक्या म्हणतात. डिंक दिसला तेव्हां रोग नवा नसतो. आंतून मुळें आधींच कुजूं लागलेलीं असतात. पुढें शेंडे वाळत येतात. लिंबूवर्गीय झाडांची ही शेंडेमर आणि पश्चिम हिंदुस्थानांतील जमिनी यांचा संबंध मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील चीमा आणि भट यांनीं १९२८ सालींच दाखविला होता. जवळजवळ शंभर वर्षें झालीं. तरीहि खोल काळ्या जमिनींत सपाट खड्डे करून, कलमाचा जोड मातीखालीं गाडून लावलेल्या बागा आजहि दिसतात. मला याचें दुःख रोगापेक्षांहि अधिक वाटतें.

उपाय माहीत नाहींत असें नाहीं. झाडें उंच गादीवाफ्यावर लावावीं. जोड जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवावा. खोडाला पाणी लागूं नये म्हणून दुहेरी आळें करावें. आंतल्या आळ्यांत कोरडी माती, बाहेरच्यांत पाणी. जंबेरीच्या खुंटावरील झाड लवकर वाढतें खरें. पण रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण आणि जमिनींतले क्षार अधिक सोसतो, म्हणून आपल्या भागांत त्याला पसंती द्यावी. पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळा सरल्यावर खोडाला हातभर उंचीपर्यंत बोर्डोचा मलम लावावा. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून दहा लिटर पाण्यांत एकत्र करावे. भांडें लोखंडी नसावें. तयार मलमांत लोखंडी चाकू बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजावें. १८८५ सालीं फ्रान्सांत मियार्दे यानें द्राक्षांसाठीं शोधलेलें हें औषध अजून स्वस्तांतलें आणि भरंवशाचें आहे.

पाण्याचा हिशेब मात्र कोणत्याहि औषधानें टळत नाहीं. सहा मीटर अंतरावर एका हेक्टरांत २७७ झाडें बसतात. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांची अडीच एकर म्हणजे जवळजवळ तेवढीच जमीन. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यांत दिवसाला शंभर लिटर पाणी धरलें, तरी ही बाग रोज २७,७०० लिटर मागते. दहा हजार लिटरांचे जवळजवळ तीन टँकर! जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. पण धरणांतच पाणी नसेल त्या वर्षीं कालव्याकडे पाहून काय होणार? २०१२-१३ च्या दुष्काळांत जालन्याच्या बागाइतदारांनीं टँकर विकत घेऊन झाडें जगविण्याची धडपड केली, आणि ज्यांना तें जमलें नाहीं त्यांनीं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांचीं वाळलेलीं झाडें तोडून सरपणाला दिलीं. कापूस वाळला तर वर्षाचें नुकसान. ही बाग वाळली म्हणजे घरांतलें कमावतें माणूस गेल्यासारखें आहे. म्हणून विहिरीचें पाणी चांगल्या वर्षीं किती आहे, हें मोजूं नये. २०१३ च्या मेमध्यें किती होतें, हें आठवावें, आणि तेवढ्यावर जितकीं झाडें जगतील तितकींच लावावीं. मग तीं २७७ ऐवजीं सत्तर कां असेनात.

फळाच्या बाबतींत मोसंबी नासपातीच्या अगदीं उलट आहे, आणि ही जमेची बाजू आहे. नासपाती झाडावरून उतरविल्यावर पिकते. मोसंबी उतरविल्यावर मुळींच पिकत नाहीं. जी आंबट तोडली, ती आंबटच राहते. तिला शीतगृहाची घाई नाहीं. कांहीं दिवस ती झाडावरच वाट पाहूं शकते. परंतु पैशाची निकड असलेला बागाइतदार ती वाट पाहूं देत नाहीं. व्यापारी सणासुदीपूर्वीं येतो, कच्ची बाग उधळी मागतो, आणि हिरवें, रस न भरलेलें फळ बाजारांत जातें. गिऱ्हाईक एकदां फसलें कीं दुसऱ्यांदा संत्र्याकडे वळतें. मानांकनाचा शिक्का अशा फळावर बसला, तर तो फळाला कांहीं देत नाहीं. शिक्क्याचेंच मोल उतरतें.

आतां त्या गृहस्थांनीं आधीं करावयाचें एक काम. रोपांना इसारा देण्यापूर्वीं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत शेताच्या तीन जागीं मीटरभर खोल खड्डे घ्यावे: एक विहिरीजवळ, एक मध्यें, एक सखल बाजूला. खड्ड्याच्या भिंतीकडे पाहावें. दीड-दोन हातांवर मुरूम लागला तर ती जागा उत्तम. तळापर्यंत काळीच माती असेल, आणि तींत पांढरे चुनखडीचे खडे असतील, तर त्यावर सौम्य आम्ल टाकून पाहावें. फसफसून फेस आला तर चुना जास्त आहे, आणि त्या जागीं मोसंबीचीं पानें शिरा हिरव्या ठेवून पिवळीं पडतील. तेथली माती वरच्या व खालच्या थरांची वेगवेगळी घेऊन परभणीला मातीपरीक्षेस द्यावी. मग तिन्ही खड्डे पाण्यानें भरावे, आणि संध्याकाळची वेळ टिपून ठेवावी. ज्या खड्ड्यांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी उभें असेल, त्या बाजूस कापूसच चालूं द्यावा. जेथें तें रात्रींतून मुरलें असेल, तेथें गादीवाफे आंखण्यास हरकत नाहीं.